उत्तम सुर्व्यांच्या गाडीचे आरसे

नवघर गावात नाथा पाटलाचं गॅरेज म्हणजे त्याच्या घराचा ओटा, ओट्यापुढे टाकलेले चार पत्रे आणि पत्र्याखाली तेल पिऊन काळी झालेली जमीन. पाटीबिटी काही नव्हती. पाटी कशाला पाहिजे, असं नाथाच उलट विचारायचा. आणि लोक यायचेच. पंच्याऐंशीनंतर भाईंदर पूर्वेला भातशेतीवर इमारती उठल्या, गिरगाव-परळहून माणसं बिऱ्हाडं घेऊन आली, त्यांच्या मागोमाग त्यांच्या स्कूटरी आल्या, मोटारसायकली आल्या, आणि शेत गेलेल्या नाथाच्या हाताला काम मिळालं. शेत गेल्याचं त्याला लागलं होतं, पण ते त्याने कधी बोलून दाखवलं नाही. बोलण्याच्या बाबतीत मुळातच चिक्कू. बोललाच तर थेट, आणि समोर कोणी का असेना, त्याला 'तू'. बँकेतला साहेब गाडी ढकलत आला तरी, "काय झाला तुज्या गाडीला?" गिरगावकरांना सुरुवातीला ते झोंबायचं. मग त्यांना कळायचं की या गावात जावई सासऱ्यालाही तूच म्हणतो, आणि राग आपोआप उतरायचा.

आरसा बसवायची नाथाची एक खास पद्धत होती. नुसता नट आवळून मोकळं व्हायचं हे त्याला मान्य नव्हतं. गाडी मेन स्टँडवर चढवायची, मालकाला वर बसवायचं, दोन्ही पाय फूटरेस्टवर, हात हँडलवर, नजर समोर. मग नाथा मागे पंधरा पावलं चालत जाऊन विहिरीच्या कठड्यापाशी उभा राहायचा, हात वर करायचा आणि ओरडून विचारायचा, किती बोटं? मालकाने आरशात बघून आकडा सांगायचा. चुकला की नाथा परत येऊन आरसा केसभर फिरवणार, पुन्हा विहिरीपाशी जाणार. आकडा बरोबर आला तरी सुटका नाही. शेवटी मालकाने मान वळवून मागे बघायचं, आरशात दिसतं तेच मागे खरोखर आहे याची खात्री करायची, आणि मग उतरायचं. येणारेजाणारे हसायचे. घाईतला माणूस वैतागायचा. पण नाथापुढे कोणाचं काही चालायचं नाही.

त्याच्या या परीक्षेला सर्वांत हसतमुखाने बसणारा माणूस म्हणजे उत्तम सुर्वे. मूळचा रत्नागिरीकडचा, जन्म चाळीतला, आणि लग्नानंतर काही वर्षांनी मंदाबरोबर नवघर रोडला एका खोलीच्या ब्लॉकमध्ये राहायला आलेला. भाईंदर पश्चिमेच्या चंदनभाई शेठकडे तो लाइनवर होता. लाइन म्हणजे रोजचा ठरलेला रस्ता आणि त्यावरची किराणा दुकानं. सोमवारी हाटकेश, मंगळवारी नवघर, बुधवारी डोंगरी आणि पुढे उत्तन. दुकानासमोर गाडी लावायची, बिस्किटं-गोळ्यांची ऑर्डर लिहून घ्यायची, शेठच्या गोडाउनला कळवायची. हिंदी, गुजराती, मराठी, ज्याला जी पाहिजे ती भाषा. माणूस गोड बोलायचा, आणि गोड बोलूनच माल खपवायचा.

एकोणनव्वद साली त्याने शंभर सीसीची नवीन मोटारसायकल घेतली आणि महिन्याभरात ऑपेरा हाउसच्या गाड्यांच्या सुट्या भागांच्या बाजारातून हँडलच्या टोकाला बसणारे आरसे आणले. गोल, चकचकीत, दोन्ही मुठींच्या बाहेर कानांसारखे आडवे. बसवले नाथानेच. मुठींच्या रबराची टोकं कापून, हँडलच्या पाइपात रबर घालून ते बोल्टने फुगवून. कंपनीचे मूळचे आरसे काढून पिशवीत भरून दिले. गाडीची रया वाढली हे नाथालाही कबूल होतं, पण तोंडावर म्हणाला की ही थेरं लग्नाआधी करायची असतात. सुर्वे खूश. लाइनवरचे दुकानदार त्याला लांबून त्या आरशांवरून ओळखायला लागले.

चार वर्षं ते आरसे राहिले. त्र्याण्णवच्या दिवाळीनंतर सुर्वे आले आणि म्हणाले, हे काढ, साधे उभे आरसे बसव. कारण काय, तर गावातल्या गल्ल्यांतून जाताना टोकं भिंतींना घासतात. कारण खोटं नव्हतं. नवघरच्या जुन्या घरांमधून तशी गाडी काढायची म्हणजे आधी आरसे आत दुमडायचे, बाहेर पडल्यावर पुन्हा उघडायचे. नाथाने काही शंका घेतली नाही. टोकाचे आरसे उतरवले, नवीन मुठी चढवल्या, पाइपाची तोंडं रबराने बंद केली. क्लच आणि ब्रेकच्या पकडीत उभ्या आरशांसाठी भोकं असतात, त्यांचे आटे मिठागरांच्या खाऱ्या हवेने पार खाल्ले होते. ते पुन्हा पाडावे लागले. त्यातून उजवीकडचे आटे उलटे, तिथे वेळ गेला. अर्ध्या दिवसाचं काम झालं, पण झाक झालं. आरसे डोळ्यांसमोर ताठ उभे राहिले.

मग परीक्षा. नाथा विहिरीपाशी गेला. तीन बोटं केली, सुर्वे म्हणाले तीन. पाच केली, म्हणाले पाच. सगळं बरोबर. फक्त नाथाला एक गोष्ट खटकली. दरवेळी आकडा सांगताना माणसाची मान जराशी तरी हलते, डावीकडून उजवीकडच्या आरशाकडे जाते. आरशात सुर्व्यांचे नुसते डोळे फिरताना दिसत होते. मान खुंटीला टांगल्यासारखी जागच्या जागी.

"आता मान वळव," नाथा म्हणाला.

सुर्वे हसले. दिसतंय की रे सगळं, मान कशाला पाहिजे, म्हणाले. नाथाने हेका सोडला नाही. तेव्हा सुर्व्यांनी डावा पाय फूटरेस्टवरून काढला, जमिनीवर टेकला, आणि कमरेपासून सगळंच्या सगळं अंग फिरवून मागे पाहिलं. ओठ घट्ट मिटलेले होते. नाथाने विचारलं, मानेला काय झालं. झोपेत अवघडली, सुर्वे म्हणाले, शेक देतोय, उतरेल. नाथाने मान डोलावली. त्याला ते खरं वाटलं नाही, पण खरं मानायला सोपं होतं.

माझं म्हणणं विचाराल तर सगळं तिथेच थांबायला हवं होतं. त्या दिवशी नाथाने पाना खाली ठेवून नीट विचारायला हवं होतं. पण गाडी दुरुस्त करणाऱ्या माणसाने गाडीवाल्याची मान तपासावी असं कुठे असतं? तो गाडी बघतो. त्याला त्यातलंच कळतं.

पुढची दोन वर्षं सुर्वे दर तीनचार महिन्यांनी येत राहिले, आणि दरवेळी आरशांचंच काहीतरी. आधी म्हणाले, खांदाच दिसतो, दांड्या लांब कर. नाथाने दुसऱ्या गाडीच्या लांब दांड्या शोधून आणल्या. मग म्हणाले, रस्त्याची कड दिसत नाही. नाथाने फुगीर काचा बसवल्या. मग हँडलच उंच हवं झालं, वाकायला नको म्हणून. नाथाने हँडल बदललं, केबली लांब घातल्या. आणि खरं सांगायचं तर नाथाला या कामाची गोडी लागली होती. रोजचं तेच कार्ब्युरेटर साफ कर, तोच प्लग बदल. त्यात हे डोकं चालवायचं काम. गाडी उभी असली की इतर गिऱ्हाईकं थांबून बघायची, असे आरसे कुठे मिळाले विचारायची. नाथा वरवर गुरगुरायचा, आतून सुखावायचा.

पण प्रत्येक वेळी विहिरीपाशी उभं राहिल्यावर त्याला दिसायचं. माणूस बदलत होता. सुरुवातीला मान वळत नव्हती, मग खांदे वळेनासे झाले, मग पाठ एखाद्या फळीसारखी झाली आणि ती फळी हळूहळू पुढे कलायला लागली. मागे वळून बघायची परीक्षा नाथाने आपणहून बंद केली. सुर्वेही कधी म्हणाले नाहीत की आज का नाही. दोघांचं त्याबाबतीत न बोलता ठरून गेलं.

नाक्यावरचा पानवाला एकदा कुरकुरला की सुर्व्यांना हल्ली शिष्टपणा आलाय, बाजूने नमस्कार केला तरी बघत नाहीत. नाथा त्याच्यावर असा खेकसला की तो पुन्हा त्या विषयावर बोलला नाही. घरी आल्यावर नाथाला स्वतःचंच नवल वाटलं. एवढा राग कसला आला होता त्याला?

पंच्याण्णवच्या पावसाळ्यानंतर एकदा सुर्व्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं, गाडी अजून किती वर्षं काढेल.

"धा तरी काडंल."

"दहा नकोत रे. अडीच पुरे. मिनल दहावी होऊ दे, मग काय होईल ते होऊ दे."

मिनल म्हणजे त्यांची एकुलती एक मुलगी, तेव्हा आठवीत. नाथा इंजिनाकडे बघत राहिला. सुर्वे गाडीबद्दल बोलत नव्हते हे कळायला त्याला मेकॅनिक असायची गरज नव्हती.

शहाण्णवच्या फेब्रुवारीत सुर्वे आले ते गाडी अगदी हळू चालवत. उतरले. हनुवटी छातीपासून चार बोटांवर आली होती. नाथाच्या तोंडाकडे बघायचं तर ते गुडघ्यांत वाकून अंग मागे टाकत होते. म्हणाले, हे उभे आरसे काढ, ते जुनेच बरे होते, टोकाचे, खालचे. घरी कुठे आहेत ते सापडत नाहीत, नवीन आण. नाथाला सगळं समजलं. डोळ्यांसमोर ताठ उभे केलेले, लांब दांड्यांचे, फुगीर काचांचे ते आरसे आता त्यांच्या नजरेच्या वर राहिले होते. त्यांना आता खालचंच दिसत होतं.

नाथाने सांगितलं की माल आणावा लागेल, आठ दिवसांनी ये. धंद्यात तो पहिल्यांदाच खोटं बोलला. माल तर बोरिवलीतही मिळत होता.

त्या आठ दिवसांतच एका दुपारी मंदा आली, सुर्व्यांची बायको. हातात भाजीची पिशवी, कपाळावर घाम. ओट्यावर बसली आणि पाण्याला नको म्हणाली. मग तिने सांगितलं. दोन वर्षांपूर्वी परळच्या मोठ्या इस्पितळात फोटो काढला होता. पाठीचे आणि मानेचे मणके एकमेकांना जुळत चाललेत. गोळ्यांनी दुखणं कमी होतं, पण जुळलेलं हाड सुटत नाही. व्यायाम सांगितला होता, आणि मोटारसायकल बंद करायला सांगितली होती. सुर्व्यांनी फोटो कपाटामागे टाकला आणि विषय संपवला.

"मी बोलले की म्हणतात, डॉक्टरला काय कळतंय. नाथाने आरसे लावल्यापासून मला सगळं दिसतं."

नाथाच्या हातात चिंधी होती. तो तीच बोटांवर घासत राहिला.

परवा डोंगरीच्या वळणावर डावीकडून रिक्षा आली, मंदा सांगत होती. आरशात मागचं दिसतं, बाजूचं कुठे दिसतं. रिक्षावाल्याने ब्रेक मारला म्हणून वाचले. हे घरी येऊन त्यांनी नाही सांगितलं, रिक्षात बसलेल्या बाईने सांगितलं. मग मंदा रडली नाही, आवाज चढवला नाही, एवढंच म्हणाली, "नाथाभाऊ, माझं ऐकत नाहीत. तुमचं ऐकतील. तुम्ही सांगा, आरसे नाही लावणार म्हणून."

ती गेल्यावर नाथाने दोन्ही बाजूंनी विचार केला. आरसे नाही लावले तर सुर्वे हाटकेशच्या गॅरेजात जातील. तो मेकॅनिक लावून देईल, विहिरीपाशी उभा न राहता देईल. लावले तर पुढच्या वळणावर रिक्षावाला ब्रेक मारेलच असं थोडंच आहे. आणि सुर्व्यांना तोंडावर सांगायचं काय? गाडी सोड म्हणजे लाइन सोड, लाइन सोड म्हणजे घरी बस. ते सांगायला नाथाची जीभ रेटणार नव्हती. तोंडफटकळ म्हणून गावात नाव असलेल्या माणसाची ही गत.

मग त्याला आपल्या गावची रीत आठवली. नवघरात एखाद्याला तोंडावर सांगता येत नसेल, तर त्याच्यावरच्या थोराच्या कानावर घालायचं. पोरगा दारूला लागला तर त्याच्या मामाला गाठायचं, भाऊ भांडायला लागले तर चुलत्याला. थोर माणूस बोलावून घेतो, समजावतो, काही मार्ग काढतो, आणि सांगणाऱ्याचं नाव कधी घेत नाही. नाथाच्या बापाने असे कितीतरी संसार सावरले होते. सुर्व्यांचा थोर कोण? त्यांचा शेठ. सोळा वर्षं ज्याचं मीठ खाल्लं तो. नाथाला यात काहीही वावगं दिसलं नाही. उलट, हे आधीच कसं सुचलं नाही असं वाटलं.

दुसऱ्या दिवशी त्याने धुतलेला शर्ट घातला, नखांतलं तेल रॉकेलने काढलं आणि रेल्वेचं फाटक ओलांडून पश्चिमेला चंदनभाईंच्या गोडाउनवर गेला. मोडक्या हिंदीत सगळं सांगितलं. मान, मणके, डोंगरीचं वळण, सगळं. आणि हात जोडून म्हणाला की माणूस हुशार आहे, इमानी आहे, त्याला गाडीवरून उतरवा आणि इथे गोडाउनमध्ये कुठेतरी खुर्चीवर बसवा. चंदनभाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. त्यांचे डोळे पाणावले. चहा मागवला. उत्तमने इतकं सोसलं आणि मला बोलला नाही, म्हणाले. तुम्ही सांगितलंत हे चांगलं केलंत, म्हणाले. नाथा परत येताना स्टेशनबाहेर थांबून दोन वडापाव खाऊन आला. पुष्कळ दिवसांनी त्याला भूक लागली होती.

आठ दिवस झाले, दहा झाले. सुर्वे आले नाहीत. नाथाला वाटलं, खुर्चीवर बसले असतील, नवीन काम आहे, वेळ मिळत नसेल.

अकराव्या दिवशी सकाळी ते चालत आले. नवघर रोडपासून गावापर्यंत जमिनीकडे बघत. नाथाने स्टूल पुसून दिलं, त्यावर बसले. नाथाने गाडी कुठे विचारलं. बिल्डिंगखाली आहे, म्हणाले. मग सगळं सांगितलं, शांतपणे, ऑर्डर वाचून दाखवावी तसं. शेठ फार प्रेमाने बोलले, तुझा मेकॅनिक येऊन सगळं सांगून गेला, म्हणाले. म्हणाले आधी बरा हो, मग ये. लाइन दुसऱ्याला दिली, परवापासून तो डोंगरीला जायला लागला. गोडाउनमध्ये बसायचं विचारलं, तर तिथे माणसं पुरेशी आहेत. अपघात झाला असता तर पेढीवर आलं असतं, शेठचंही चुकत नाही. मग सुर्वे आणखी दोन पेढ्यांवर गेले, एक साबणाची, एक चहाची. दोन्हीकडे त्यांच्या मानेची बातमी आधीच पोचली होती. या धंद्यातले शेठ संध्याकाळी एकत्रच बसतात.

तुज्या भल्यासाटी गेलो, एवढंच नाथाला म्हणायचं होतं, पण ते म्हणायला लाज वाटली. भलं समोर स्टुलावर बसलं होतं.

"मला माहीत नव्हतं का रे," सुर्वे म्हणाले. "फोटो मीच काढून आलो होतो. मान जाणार हे मला दोन वर्षांपासून माहीत होतं. मी फक्त दिवस काढत होतो."

नाथा खाली त्यांच्या पायांपाशी उकिडवा बसला, म्हणजे त्यांना त्याचं तोंड दिसेल. तेवढंच त्याला सुचलं. सुर्व्यांनी त्याच्याकडे बघितलं. रागाने नाही. राग असता तर बरं झालं असतं, दोन शिव्या खाऊन नाथा मोकळा झाला असता.

"मी तुला आरसे लावायला सांगितले होते, नाथा. बाकीचं तुला कोणी सांगितलं होतं?"

मंदाचं नाव नाथाने घेतलं नाही. तेवढं शहाणपण त्याला होतं, किंवा तेवढंच उरलं होतं. स्कूटरवरून घरी सोडतो म्हणाला, सुर्वे नको म्हणाले. स्टुलावरून उठायला त्यांना दोन्ही हात गुडघ्यांवर दाबावे लागले. नाथा धरायला पुढे होणार होता, आणि मग झाला नाही.

ते विहिरीवरून पुढे गेले, गल्लीत शिरले. नाथा ओट्यावर उभा होता. हाक मारावी असं त्याला फार वाटलं, काय म्हणायचं ते नंतर बघता आलं असतं. पण हाक मारली असती तर त्या माणसाला थांबून सगळं अंग फिरवावं लागलं असतं, म्हणून त्याने मारली नाही.